दस्तीखालची पाच बोटं

गेली नऊ वर्षं मी आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष आहे, आणि यंदाच्या मार्चपर्यंत माझ्याकडे सगळे मिळून साडेतीन तंटे आले. यावरून गावात भांडणं होत नाहीत असं कुणी समजू नये. देवणीपासून आठ किलोमीटरवरचं आमचं गाव भांडायला कुणाला हार जाणारं नाही. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, शेजाऱ्याच्या कोंबडीवरून इथे सहा सहा वर्षं बोलणं बंद असतं. फक्त ते मिटवायला लोक माझ्या दारी येत नसत. ते वेशीजवळच्या लिंबाखाली मुज्तबाभाईकडे जात.

माझं नाव मन्मथ. गाव मला अप्पा म्हणतं. कोर्टात चौतीस वर्षं कारकुनी करून गावी आलो, तेव्हा शासनाची ही तंटामुक्तीची कल्पना मला मनापासून पटली होती. गावातलं भांडण गावातच मिटावं, चारचौघांसमोर मिटावं, दोघांचे जबाब लिहून घ्यावेत, खाली सह्या व्हाव्यात. समाज चालायचा तर असा उघड्यावर चालला पाहिजे, हे माझं आजही मत आहे. ग्रामपंचायतीच्या खोलीत मी एक टेबल मिळवलं, जाड नोंदवही आणली, तिच्यात पट्टीने रकाने आखले. मग खुर्चीत बसून वाट बघू लागलो. गावात भांडण व्हावं आणि ते आपल्याकडे यावं म्हणून वाट बघणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर मला बघा.

आता मुज्तबाभाईबद्दल सांगतो. पोटातलं बाजूला ठेवून सांगायचा प्रयत्न करतो, पण जमेलच असं नाही.

वय अडुसष्ट, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. शाळा दुसरीपर्यंत. सही म्हणून कागदावर एक वळण काढतो, ते दर वेळी वेगळं असतं. वेशीजवळ दोन खोल्यांचं घर, घरात बायको कमरुन्निसा. मुलगी तूबा लग्न होऊन लातूरला गेली. धंदा जनावरांच्या दलालीचा. बाप दलाल, आजाही दलाल. बैलाच्या नुसत्या चालण्याचा आवाज ऐकून मुज्तबाभाई त्याचं वय सांगतो असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. दात बघून सांगतो, एवढं मी पाहिलंय.

त्याच्या खांद्यावर एक चौकटीचा टॉवेल असतो. त्याला तो दस्ती म्हणतो. त्याचं सगळं दुकान म्हणजे ती दस्ती. बाजारात बैलाचा भाव तोंडाने ठरत नाही. दलाल विकणाऱ्याचा हात दस्तीखाली धरतो, आणि विकणारा जेवढी बोटं दाबेल तेवढा त्याचा भाव. मग घेणाऱ्याचा हात तसाच धरायचा. दोघांचं जुळलं तर दलाल मोठ्याने सांगतो. नाही जुळलं तर 'सौदा तुटला' एवढंच म्हणतो, आणि कोण किती बोटं खाली आला होता ते कुणालाच कळत नाही. ज्याचं कमी पडलं त्याची लाज झाकलेली राहते. हात धरताना मुज्तबाभाई माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नाही. लांब रस्त्याकडे बघत राहतो, एस.टी.ची वाट बघावी तसा.

एवढंच त्याचं कसब. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, बाजारात पूर्वीसारखी गर्दी राहिली नाही, तेव्हा या माणसाने तीच दस्ती भांडणांवर टाकायला सुरुवात केली. आणि गावाने त्याला डोक्यावर घेतलं.

माझ्याकडच्या साडेतीन तंट्यांतला अर्धा त्यानेच पळवला. बजरंग आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघांचं भांडण आईवरून होतं. वर्षातले किती महिने कुणी सांभाळायचं. माझ्या टेबलासमोर दोघंही म्हणाले, चार महिने, वर एक दिवस नाही. मी ते अक्षर अक्षर लिहून घेतलं. चार आणि चार आठ झाले, उरलेल्या चार महिन्यांचं काय ते विचारणार, तर दोघं चहा पिऊन येतो म्हणून उठले आणि थेट लिंबाखाली गेले. तिथे दस्तीखाली एकाने पाच आणि वर दोन असे सात महिने दाबले, दुसऱ्याने आठ. मुज्तबाभाईने सहा-सहा म्हणून जाहीर केलं आणि म्हातारी त्याच दिवशी थोरल्याच्या घरी गेली. त्याने आकडे सांगितले नाहीत. ते दोघा भावांनीच पुढे एकमेकांना सांगितले, आणि एका लग्नात पंगतीला बजरंगने मला. मी विचारलं, मग माझ्यासमोर चार का म्हणालास? तर म्हणाला, "भावासमोर आधी आपणच वाकायचं व्हय, अप्पा?"

त्या पंगतीतून मी अर्ध्या ताटावरून उठलो. हेवा म्हणा, मत्सर म्हणा, जळणं म्हणा, मला कुठलाही शब्द चालेल. मी पन्नास कायदे तोंडपाठ म्हणून दाखवू शकतो. गावात अर्ज लिहायचा झाला तर माझ्याशिवाय पान हलत नाही. पण माणूस मनातलं सांगायला माझ्याकडे येत नाही, आणि त्या अडाण्याच्या तळहातात ते न बोलता ठेवून जातो. एकदा तर मी दुपारी घराला कडी लावून बायकोचा हात टॉवेलखाली धरून बघितला. महानंदा म्हणाली, या वयात हे काय काढलंत. मी म्हटलं, तू बोटं दाब, मी ओळखतो. तिने तीन दाबली, मी चार सांगितली. ती हसत हसत भाकरी टाकायला उठली. मी टॉवेल घडी करून ठेवून दिला.

मग पाणंदीचं प्रकरण आलं.

आमच्या शिवारातली पाणंद नकाशात चांगली पंधरा फूट आहे. जमिनीवर ती पाच फूट उरली होती. बाकीची दोन्ही बाजूंच्या बावीस जणांनी वर्षानुवर्षं नांगरत नांगरत गिळली, त्यात मीही आलो. पावसाळ्यात सोयाबीनची पोती डोक्यावरून आणायची पाळी यायची. माझ्या शेजारच्या उमाशंकरचा ऊस तर ट्रक आत शिरेना म्हणून दोन हंगाम फडातच वाळून गेला. या उमाशंकरशी माझं सहा वर्षं बोलणं नव्हतं. त्याचं म्हणणं, मी बांध दीड फूट सरकवला. हे साफ खोटं आहे. मी एकच फूट सरकवला होता.

यंदा सरकारी योजनेत पाणंदीचा पक्का रस्ता मंजूर झाला. अट एकच. बावीसच्या बावीस जणांनी आपापल्या बाजूची पाच-पाच फूट जागा मोकळी करून द्यायची आणि मार्च संपायच्या आत तशी लेखी संमती द्यायची. एक जरी अडला तर मंजुरी दुसऱ्या गावाला. आमची ग्रामसेविका वर्षाराणी, उमरीकडची, वयाने लहान पण कामाला कडक. तिने संमती मिळवण्याचं काम माझ्यावर सोपवलं. मला वाटलं, आता माझा दिवस आला.

मी तीन सभा घेतल्या. नकाशा भिंतीला लावला. रस्ता एकाचा नसतो, सगळ्यांनी थोडं थोडं सोडलं तरच सगळ्यांना मिळतो, हे तीन वेळा तीन तऱ्हांनी समजावलं. लोकांनी माना डोलावल्या. मग जबाब घ्यायला बसलो तर बावीस नावांपुढे बावीस वेळा एकच वाक्य लिहावं लागलं: समोरच्याने दिल्यास देईन. तिसरी सभा उठताना वर्षाराणी सगळ्यांदेखत म्हणाली की मुज्तबाभाईंना विचारून बघायचं का? मी म्हटलं, बघा की. तोंडाने म्हटलं.

मुज्तबाभाईची पाणंदीला हातभर जमीन नाही. तो आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आपली रीत सांगितली. एक बोट म्हणजे एक फूट. बावीस हात धरीन. सगळ्यांचे पाच-पाच आले तरच बोलेन. एकाचंही कमी पडलं तर सौदा तुटला म्हणून घरी जाईन, आणि कोण कमी पडला ते मरेपर्यंत माझ्या तोंडून निघणार नाही. लोकांना हे लगेच पटलं. मी तेवढं विचारलं की असल्या झाकपाकीला पुरावा काय? वर्षाराणी म्हणाली, सर, नंतर कागदावर सह्या घेणारच आहोत ना.

सकाळी दहा वाजता शाळेच्या पटांगणात सगळे जमले. अध्यक्ष म्हणून माझा हात शेवटचा असावा, असं मी ठरवून घेतलं. एकेक जण पुढे जात होता, दस्तीखाली हात घालत होता, मागे येऊन उभा राहत होता. मुज्तबाभाई रस्त्याकडे बघत होता. मी लोकांच्या तोंडाकडे बघत होतो, आणि मला कळत होतं की देतायत. तीन सभांत ज्यांनी माझ्यासमोर बोटभर जागा सोडली नाही, ती माणसं त्या मळक्या टॉवेलखाली पाच पाच फूट देऊन मोकळी होत होती. उमाशंकर परतला तेव्हा त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा दिसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यांच्यासाठी मी नकाशे लावले, घसा कोरडा केला, आणि गाव उद्या म्हणणार, मुज्तबाभाईने रस्ता केला.

माझी पाळी आली. त्याचा तळवा खरखरीत आणि गरम होता. मी एकही बोट दाबलं नाही. मूठ आवळली. मूठ म्हणजे काही नाही.

जमिनीच्या लोभाने नाही, हे शपथेवर सांगतो. रस्ता मलाही हवा होता. पण त्याचा एक सौदा मला माझ्या डोळ्यांनी तुटलेला बघायचा होता. कोणी तोडला ते कळणार नव्हतंच, त्याचीच रीत तशी होती.

इतरांना त्याने क्षणभर धरलं होतं. माझा हात त्याने सोडला नाही. बोटांनी माझी मूठ एकदा चाचपली, चूक तर होत नाही ना म्हणून पुन्हा चाचपली. मी ती आणखी घट्ट केली. तेव्हा पहिल्यांदाच त्याने रस्त्यावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. मग दस्ती झटकून खांद्यावर टाकली.

"बावीसचे बावीस, पाच-पाच. सौदा झाला," तो म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असाव्यात, कारण वर्षाराणी माझ्याकडे बघून हसत होती.

घरी आलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. महानंदाने शिरा केला होता. "तुमी बी दिलात म्हणं," ती म्हणाली. "खरं सांगू का, मला वाटलं न्हवतं." चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे इतक्या कौतुकाने कधी बघितलं असेल तर मला आठवत नाही. मी शिरा खाल्ला. गोड लागला नाही असंही म्हणवत नाही.

पण डोकं एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. मुज्तबाभाईने बोट खोटं सांगितलं. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर त्याचं नाव चाललं, ती त्याने मोडली, आणि याचा साक्षीदार जगात मी एकटा. ग्रामसभेत संमतीपत्रावर सह्या व्हायच्या होत्या. तिथे उभं राहून एवढंच म्हणायचं होतं की या माणसाचा शब्द खोटा आहे, माझी मूठ होती. रस्ता जाईल, मी उघडा पडेन, पण तोही संपेल. आठ दिवस मी ते वाक्य मनात घोटलं. त्याला बुडवायला स्वतः बुडायची माझी तयारी झाली होती, इथपर्यंत मी गेलो होतो. आणि त्याच आठ दिवसांत हॉटेलात मला कुणी ना कुणी चहा पाजत होतं, पोरंसोरं रामराम घालत होती. तेही मला आवडत होतं.

ग्रामसभेला मुज्तबाभाई दाराजवळ खाली बसला होता. वर्षाराणीने बोलावलं म्हणून आला होता. कागद टेबलावर आला आणि मी उठलो. मला एक सांगायचं आहे, असं म्हणालो. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मग दारातून बाहेर रस्त्याकडे बघायला लागला. तो मला अडवणार नव्हता. हात जोडणार नव्हता. जे होईल ते होऊ दे म्हणून बसून राहिला.

तेवढ्यात उमाशंकर उठला.

"अप्पा, तुमी जरा बसा, आधी मी बोलतो," तो म्हणाला. "सहा वर्सं तुमच्याशी बोललो न्हाई. तुमी पाच सोडाल असं मला सपनात बी वाटलं न्हवतं. आता ते बांधाचं माज्याकडून मिटलं. तुमच्या मनात काय असंल तर ते बी काढून टाका."

सगळी सभा माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, कागद कुठाय? आणि सही केली. कुणाला यात चांगुलपणा दिसत असेल तर तो नव्हता. गावाच्या नजरेत मी जन्मात पहिल्यांदा मोठा झालो होतो, आणि ते मला सोडवेना.

मे महिन्यात रस्ता झाला. मुरूम, खडी, दोन्ही बाजूंनी नाल्या. फीत मी कापली. भाषणात वर्षाराणीने माझं नाव तीनदा घेतलं. मुज्तबाभाई आला नव्हता.

त्यानंतर तो बाजारातही दिसेना. मला वाटलं, गुडघे धरले असतील. जूनमध्ये देवणीच्या बाजारात दावं घ्यायला गेलो तेव्हा त्याच्या जागेवर दुसराच दलाल उभा होता. तो म्हणाला, मुज्तबाचाचांनी तर मार्चमध्येच सोडलं, का ते सांगितलं नाही. मी दावं न घेताच परतलो आणि सरळ लिंबाखाली गेलो. तो बाजेवर बसला होता. खांदा मोकळा. अंगणात कमरुन्निसाभाभींनी मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्यावर ती दस्ती पांघरली होती.

मी विचारलं, धंदा का सोडलास?

"वालिद सांगायचे, एक बोट जरी खोटं सांगितलं तर दस्ती खाली ठेवायची," तो म्हणाला. "मंग दुसऱ्याचा हात धरायचा हक ऱ्हात न्हाई."

मी म्हटलं, मग खोटं सांगितलंस कशाला?

"एकवीस जणांनी दिल्ते, अप्पा. एका मुठीपायी त्यांचं तोडू व्हय?"

"माझं नाव सांगायचं होतंस."

"ते तर त्याहून वंगाळ," तो म्हणाला, आणि भाभींना चहा ठेवायला सांगितलं.

त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. निदान बरोबरी झाली असती. कोर्टात चौतीस वर्षं मी माणसं शपथ घेऊन खोटं बोलताना पाहिली. बाहेर येऊन ती निवांत डबा खायची. हा कुणीही न विचारता, कुणालाही न सांगता, एका खोट्यासाठी पोटाचा धंदा सोडून बसला. आणि लाज सांगतो, तो चहा पिताना मला पश्चात्ताप नंतर झाला. आधी हेवाच वाटला. शिक्षाही याने स्वतःला माझ्यापेक्षा मोठी करून घेतली.

मागच्या आठवड्यात माझ्या टेबलासमोर दोन चुलतभाऊ येऊन उभे राहिले. सामाईक विहिरीवरून भांडण, कुणी किती दिवस पाणी घ्यायचं याचं. आता महिन्यातून तीन-चार तरी असे येतात; वहीची वीस पानं भरली. मी नावं लिहायला घेतली आणि सहज विचारलं, इकडे कसे वळलात?

"मुज्तबाभाईंनी धाडलं," थोरला म्हणाला. "आमी त्यांच्याकडंच गेल्तो. तर म्हणले, मी आता हात धरत न्हाई, अप्पाकडं जावा. म्हणले, लई हात धरले जन्मात, पर पाणंदीला अप्पानं जसा सरळ पंजा दिला तसा कुणी दिला न्हाई. मानूस भरवशाचा हाय."

मी दोघांना बसायला सांगितलं. पेन हातात होतं, पण नाव काय लिहायचं ते सुचेना. तो माणूस आयुष्यात दोनदाच खोटं बोलला, आणि दोन्ही वेळा माझ्यासाठी.